नेलिदाचा दिवा

अर्जेंटिनातल्या रोसारिओत नेलिदाच्या नखं रंगवायच्या दुकानात मी नखं रंगवून बसले होते. रंग पक्का करायचा दिवाच गायब होता. तेवढ्यात तिची लेक आयेलेन प्रयोगशाळेतून तो घेऊन धावत आली.

"आई, जमलं!"

"आधी दिवा ठेव. बाई ताटकळल्यात."

"याच्याच उजेडात राळ घट्ट करून केसाएवढ्या बारीक नळ्यांची पट्टी बनवली, तिच्यातून रक्त सोडलं. परदेशी यंत्राची वाट कोण बघतंय! हे मोबाइलवर बघ, एका थेंबात एकच पेशी! आता लाखांतली आजारी पेशीसुद्धा एकटी गाठता येईल."

"ही कुणाची गं?"

"तुझी. काल बोट टोचून रक्त घेतलं होतं ना?"

"अगंबाई! ही मी?"

"तूच!"

"काय ठसठशीत दिसतेय! मग दिवा परत कशाला आणलास, वेडे? घेऊन जा. बाई बसतील उन्हात, रंग तिथंही पक्का होतो."