चर्च सोडलं, शुक्रवार नाही

(अमेरिकेतलं वेस्ट विंडसर, १७ मार्च २००६, शुक्रवार. स्वयंपाकघरात मटण रटरटतंय.)

यतीन : ...आणि धर्म म्हणजे माणसाचा कणा असतो, प्रतिमा. तो वाकवायचा नसतो. निधीचं लग्न चर्चमध्ये होणार नाही, हे आज जेवताना मी ब्रेंडनच्या आईवडिलांना तोंडावर सांगणार.

प्रतिमा : मुंजीनंतर तुम्ही संध्या किती दिवस केलीत?

यतीन : मुद्दा तो नाही.

प्रतिमा : चार. सासूबाई सांगायच्या.

निधी : आई, मटण कशाला केलंस? लेन्ट चालू आहे. ब्रेंडनचे डॅड लेन्टमध्ये फ्रायडेला मीट खात नाहीत.

प्रतिमा : म्हणजे त्यांचा श्रावणच की.

यतीन : पण त्या पाद्र्यांची प्रकरणं पेपरात आली, तेव्हाच ब्रेंडनच्या वडिलांनी चर्च सोडलं म्हणालीस ना?

निधी : चर्च सोडलं. फ्रायडे नाही सोडला.

प्रतिमा : यात न कळण्यासारखं काय आहे? तुम्ही देव मानत नाही, पण चतुर्थीला खिचडी दोनदा घेता.

यतीन : आणि त्याची आई, त्या मॉरीनबाई? त्या तर रोज चर्चला जातात.

निधी : मॉरीन खाईल. आज सेंट पॅट्रिक्स डे आहे ना, आयरिश लोकांचा मोठा सण, म्हणून बिशपने परमिशन दिलीय.

यतीन : मग नवराही खाईल.

निधी : छे. डॅड म्हणतात, मी बिशपला मानत नाही, तर त्याची परमिशन कशी घेऊ?

यतीन : थांब. जी मानते ती मटण खाणार, आणि जो मानत नाही तो उपास करणार?

प्रतिमा : मला माणूस आवडला. बटाट्याची भाजी टाकते.

यतीन : थोडी जास्त टाक.

निधी : बाबा, मी कन्व्हर्ट होत नाहीये. मॉरीनची एवढी एकच इच्छा आहे. तिथे वडील मुलीला हात धरून नेतात. तुम्ही आला नाहीत, तर मी कोणाचा हात धरू?

यतीन : ...अगं, पण कोणी एक आयरिश पाद्री तुझ्याकडून काय काय वदवून घेणार, मला त्यातलं अक्षर कळणार नाही, आणि मी नुसता सुटाबुटात उभा.

निधी : आयरिश फादर हल्ली मिळत नाहीत. आयरिश घरांतली मुलं आता फादर होतच नाहीत.

यतीन : मग लग्न कोण लावणार?

निधी : फादर रुमाव. वसईचे आहेत.