मागून हाक मारायची न्हाई

आमच्या पुसेगावच्या घरात पिक्चरचं शूटिंग झालं, ते सांगितलं का तुमाला? देशाच्या एका मोठ्या पुढाऱ्यावरचा पिक्चर. त्याच्या बायकोचं काम करणारी बाई गाडी बंद पडून कनेरगाव नाक्यावर अडकली, तर डायरेक्टरनं आमच्या मंडळीलाच उभं केलं, कडेवर आमचीच पोरगी देऊन.

सीन सोपा होता. लेकराला ताप आलेला, पुढारी सभेला निघालेला. बायको मागून हाक मारते आन् तो वळून न बघता जातो.

पण ही हाकच मारीना. "निघालेल्या माणसाला मागून हाक मारत न्हाईत," म्हणली, आन् बाजूनं जाऊन थेट त्याच्यासमोर उभी राहिली. नट गडबडला. त्यानं पोरीच्या कपाळाला हात लावला, मग गेला.

डायरेक्टर म्हणला, "वहिनी, देशाचं काम अडवलंत की तुम्ही."

"अडवलं कुठं? गेला की. कपाळाला हात लावायला असा किती येळ लागतो?"

बोलली डायरेक्टरला, पण बघत होती माझ्याकडं. मी पक्षाच्या बैठकीला जायला इस्त्रीचे कपडे घालून दारातच उभा होतो.

सीन तसाच ठेवला त्यानं. आन् आता मी बैठकीला निघालो की पोरगी आधीच दारात येऊन कपाळ पुढं करते.