भुऱ्याला लाल ज्वारी

रेशनच्या रांगेत तासभर उभं राहिलं की पुढच्यांचं घर आपल्याला पाठ होतं. एकोणपन्नास साली ठाण्यात माझ्यापुढे बाळकुमच्या दोघी होत्या, रखमामावशी आणि शेजारची शकू.

"मावशी, परवा आमच्या भुऱ्यापुढं ह्या लाल ज्वारीची भाकर टाकली. त्यानं हुंगली आन् तोंड फिरवलं. जन्मभर भातच खाल्लाय त्यानं."

"कुत्राच तो. भूक लागली का खाईल."

"मला ह्यांची काळजी हाय गो. हे म्हणतात, परदेशाची ज्वारी, आधी भुऱ्या खाऊ दे, मग मी खातो. दोन दिस उपाशीच मिठागरावर जातात. काल तिथंच चक्कर येऊन बसले."

"अगं, एकदम भाकर नको टाकूस. भातात थोडी कुस्करायची, वरून सुक्या बोंबलाचं पाणी घालायचं."

"तेच केलं आज सकाळी."

"मग?"

"भुऱ्यानं ताटली चाटून साफ केली."

"सुटलीस बाय."

"कुठची सुटते, मावशी? लगेच ह्यांना वाढलं, तर हे पानावरून उठले. म्हणतात, कुत्र्याचं खाणं आता मला घालतेस?"