सुनंदामावशींची सही

माणसं ट्रेनिंगने शहाणी होत नाहीत असं म्हणतोस ना? मग ऐक. घाटकोपरला आमचं सरकारी ऑफिसांच्या साफसफाईचं काम आहे, माहितीये तुला. यंदा नवीन अट आली: कामगारांना त्यांच्या हक्कांचं ट्रेनिंग दिल्याचा कागद जोडा, नाहीतर कंत्राट विसरा.

ट्रेनर आला तो घड्याळाकडे बघतच. मला तेव्हाच शंका आली. पण गडी बोलला झकास. आमच्या बारा बायकांना बजावून सांगितलं, "न वाचता कुठेही सही करायची नाही. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही!"

दोन तासांत उरकलं आणि त्याने हजेरीचा कागद फिरवला. सगळ्यात जुन्या आमच्या सुनंदामावशी. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"सर, वर काहीच लिहिलेलं नाही."

"तुम्ही सही करा हो, वरचं मी नंतर भरतो."

"नंतर काय भरणार?"

झालं! बाकीच्या अकराजणींनी पेनं खाली ठेवली. मला घाम फुटला यार, फाइल त्याच संध्याकाळी द्यायची होती. म्हटलं, "मावशी, करून टाका ना." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीही त्याला सामील.

शेवटी वैतागून त्याने सगळं समोरच भरलं. मावशींनी चष्मा लावला, एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि मग मान वर केली.

"दोन दिवसांचं प्रशिक्षण लिहिलंय. मग सर, उद्या किती वाजता येताय?"