डावी काच उजवीकडे

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या चष्म्याच्या दुकानाचे मालक, त्यांच्या शेजारी बसलेल्या, आठवड्यातून एकदा इथं डोळे तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई, काचा घासून बसवणारे आपले काका, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभे राहिलेले सर्व सज्जनहो, माझा नमस्कार.

आजींनी दोन शब्द बोलावेत, असं मालक म्हणाले. दोन शब्दांत माझं खाकरून घेणंसुद्धा होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मी तिसरी शिकलेली बाई. पण माझी नात ठमी या काउंटरमागून थेट डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात नोकरीला चालली, तो आनंद पोटात मावेना, म्हणून उभी राहिले.

मुलाखतीची तयारी आमच्या स्वयंपाकघरात झाली. साहेबीण मी. तिच्या आजोबांचा कोट घातला होता; तो पुढे बंद होईना, ते असो. हल्ली तुम्हाला काय येतं एवढंच विचारत नाहीत म्हणे, अमक्या प्रसंगी तुम्ही कसे वागलात ते विचारतात. मी मटार सोलत विचारलं, "वरिष्ठांशी पटलं नाही, असा एखादा प्रसंग सांगा."

ठमी ताठ बसून म्हणाली, "आमच्या टीममध्ये मतभेद झाले. मी बैठक बोलावली. सर्वांचं ऐकून घेतलं."

"कुठली गं टीम? दुकानात तुम्ही तिघं. त्यातल्या काकांना मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

काका, रागावू नका हं.

"आजी, मोबाइलवर असंच उत्तर दिलंय."

"मग नोकरीही मोबाइललाच देतील. त्या चष्म्याचं सांग की. दोन दिवस धड जेवली नव्हतीस."

आता ती गोष्ट मालकांसमोर सांगावी का? सांगतेच, तोंडातून अर्धी निघालीच आहे. एक गृहस्थ नवा चष्मा घेऊन परत आले. घातला की डोकं दुखतं म्हणाले. मालक म्हणाले, सवय होईल. ठमीने चष्मा नंबर तपासायच्या यंत्राखाली धरला आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "मालक, सवय नाही होणार. डावी काच उजवीकडे बसलीय." चष्मा दुरुस्त झाला, पण मालकांनी तिच्याशी अबोला धरला.

"हे कसं सांगू, आजी? इस्पितळवाले मालकांना फोन करून विचारणार. पोरगी तोंडाळ आहे, एवढं ते म्हणाले की संपलं. ती नोकरी नाही, आणि इथंही तोंड दाखवायची सोय नाही."

खोटं बोल म्हणवत नव्हतं, आणि खरं बोल म्हणायला माझ्या पदरचं काय जात होतं? मटार सोलत राहिले.

मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला, आणि ठमीने सगळं खरं सांगितलं. वर म्हणाली, "लोकांदेखत बोलले ते चुकलं. मालकांना आत नेऊन सांगायला हवं होतं." घरी आल्यावर मात्र फोन वाजला की दचकायची.

फोन वाजला तो इथं, दुकानात. काकांचं मशीन नेमकं बंद होतं. त्यांनी ऐकलं, मालक म्हणत होते, "हो, भांडली. चूक माझी होती. ते गृहस्थ अजून माझ्याकडे येतात ते तिच्यामुळे. घ्यायची तर लवकर घ्या, माझं मन बदलायच्या आत."

ठमे, अशी बघू नकोस. तुला हे ठाऊक नव्हतंच. पोरीला कळू देऊ नका, असं मालकांनी काकांना बजावलं होतं. काकांनी शब्द पाळला, तुला नाही सांगितलं. मला सांगितलं.

मालक, स्वतःचं काउंटर रिकामं करून तुम्ही पोरीला पुढं धाडलंत. त्याचे आभार मानायचे शब्द तिसरीपर्यंत शिकवत नाहीत. डॉक्टरीणबाई, काका, सगळ्यांचे उपकार आहेत. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, झालंच आहे, तर पोटात घाला. आणि मालक, तुमचं गुपित फोडलं, ती चूक माझी. तुम्हाला आत नेऊन सांगायला हवं होतं. पण मग हिला कुठून ऐकू गेलं असतं?