चिंचेपायी तीन अर्ज

…म्हणजे शेवटी दोष कुणाचा, तर माझा! तुम्हाला सांगतो, सगळ्या गावात इंग्रजी येणारा मी एकटा शांतवन मास्तर, आणि माझी शाळा भरते बांधावरच्या चिंचेखाली. बांधाच्या अलीकडं रंगनाथअण्णा, पलीकडं त्याचाच चुलतभाऊ गोरखतात्या, आणि चिंच कुणाची यावरून दोघांची रोज जुंपलेली. एक दिवस अण्णा आला, म्हणे इंग्रजीत अर्ज लिवा, मराठी अर्ज सायब वाचत न्हाई. मी आपलं साधं 'क्वारल' लिहिलं. अर्थ सांगितला, भांडण. तर तोंड वाकडं करून म्हणतो, "भांडान काय, पोरंबी करत्यात. जरा वजनदार घाला." मग 'डिस्प्यूट' घातलं. म्हटलं, अण्णा, हे टोपी घालून कचेरीत जाणारं भांडण. गडी खूश! मी काय बाबा, लिहिणारा माणूस…

दुपारी तात्या हजर. अण्णानं कंचा शब्द घातला, त्याच्यापेक्षा वरचा पायजे! 'फाईट' लिहू म्हटलं, तर विचारतो, त्यात मानसं मरत्यात का? म्हटलं, मेलीच पाहिजेत असं काही नाही. मग नको म्हणाला. त्याचा मेव्हणा पलटणीत, त्याच्याकडून ऐकलेलं 'वॉर'च पाहिजे. अहो तात्या, वॉर राजाराजांत होतं, तिकडं जर्मनशी चाललंय ते वॉर, चिंचेवरून कुठं वॉर होतं का? तर म्हणतो, "जर्मनचंबी जमिनीपायीच हाय न्हवं?" घेतला टाक, लिहिलं. मी काय, लिहिणारा माणूस…

साहेबानं 'वॉर' वाचलं आणि पाठवले की हो दोन पोलीस! चिंचेभोवती बाभळीच्या काट्या लावल्या, निकाल लागेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. चैताचं ऊन, चाळीस पोरं, सावली दुसरी नाही, शाळा बंद. तपासणीला कुणी आलं तर नोकरी जाणार, म्हणून मी दिवसभर वेशीकडं डोळे लावून, आणि पोरं दिवसभर घरात, म्हणून गावाच्या डोक्याला ताप.

परवा बघतो तर अण्णा आणि तात्या एकाच बैलगाडीतून उतरले. मला भरून आलं हो, म्हटलं मिटलं एकदाचं, शाळा वाचली! तात्या म्हणाला, "आमचं मिटलं, मास्तर. आता अर्ज लिवा. सारं तुमी पेटवलं, तुमची बदली करा म्हनावं."

अण्णा म्हणाला, "आन् शब्द वॉरच्या वरचा घाला."

वॉरच्या वर इंग्रजांकडंसुद्धा शब्द नाही हो! शेवटी 'वॉर'च लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. दोघांनी अंगठे उठवले… शाईसुद्धा माझीच.