आधी ब्रेक, मग तोंड

...नाही, पण मी म्हणतो, चाळीस वर्षं गोदामात हातगाडी ओढली मी, तीन-तीन क्विंटल माल एकट्यानं चढावर नेला, आणि त्या माणसाला, म्हणजे मला हो, कालची एक पोरगी येऊन सांगणार की आजोबा, आधी ढकलायला शिका! शिका म्हणे! अहो, ढकलण्याशिवाय मी जन्मात दुसरं केलंय काय? शाळासुद्धा दुसरीत सुटली ती सुटली नाही, मीच तिला ढकलून बाहेर आलो... आणि आता म्हातारपणी पुन्हा शिकवणी! ती कशाची, तर चाकाच्या खुर्चीची!

तुम्हाला सांगतो, आमची ही, म्हणजे बायको, अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाला, ही न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि म्हणाले, हात धरून क्षणभर उभं राहायचं, पण चालायचं नाही, खुर्ची आणा. आणली. घडीची खुर्ची, कापडाची बैठक, मागे दोन मोठी चाकं आणि पुढे दोन चिमुकली. मोठी चाकं बिचारी गुणी, सांगाल तशी चालतात. ती पुढची दोन मात्र जावयासारखी! कुठे तोंड करतील, कुठे अडून बसतील, कशानं रुसतील, काही भरवसा नाही!

पहिल्याच दिवशी हिला दवाखान्यात दाखवायला घेऊन निघालो. ब्रेक कुठे, पाय ठेवायच्या पट्ट्या कशा, कशाला बघतोय मी? चाक दिसलं, दांडा दिसला, निघालो! बाजारातली अरुंद गल्ली, दोन्हीकडे दुकानं, मधे माणसंच माणसं, कुणी म्हणून हलेना. आणि काय सांगू, हातात दांडा आणि समोर गर्दी असली की माझं तोंड मला विचारत नाही हो, चाळीस वर्षांची सवय, आपोआप सुटलं, "ए, बाजू! बाजू! माल आला, माल!"

सगळी गल्ली वळून बघायला लागली. मी आपला खूश, म्हटलं, अजून आवाजात दम आहे! दोन कॉलेजच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसतायत, ही खुर्चीत मान खाली घालून बसलेली, कान लालभडक. आणि चष्म्याच्या दुकानापुढे उभा असलेला एक दाढीवाला म्हणतो, "काय आजोबा, या वयात?"

मला कळेचना! आमच्या गोदामात माल म्हणजे साखर, साबण, सिमेंट! मी आपला उभा. मग हीच खालून दात खाऊन पुटपुटली, "अहो, गप्प बसा! बाईमाणसाला माल म्हणतात का? अठ्ठेचाळीस वर्षांत कधी बरी दिसतेस म्हणाला नाहीत, आणि आज भर बाजारात ही दवंडी!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला... आणि पडला तो असा पडला की भडकाच उडाला! माझ्या बायकोला हसतोस? दांडा सोडला आणि धावलो त्या दाढीच्या अंगावर. गचांडीच धरली! म्हटलं, "तुझ्या आईच्या वयाची आहे ती!" तो म्हणतो, "अहो पण मी नाही, तुम्हीच म्हणालात!" बोलायला तोंड उघडलं, तर मागून ओरडा, "अहोऽऽ!"

गल्लीला उतार होता हो. निघाली ना खुर्ची! ही दोन्ही हात घट्ट धरून बसलेली, चाकं गडगडतायत, लोक आता बरे बाजूला होतायत, आणि मी मागून धावतोय! थेट शिरली गाद्यांच्या दुकानात, गाद्यांच्या थप्पीवर पाय आपटून थांबली. नशीब म्हणायचं, शेजारीच काचसामानाचं दुकान होतं. दुकानदार सवयीनं म्हणतो, "या, बसा..." आणि मग बघून, "नाही, तुम्ही बसलेल्याच आहात."

ही घरी आली, पलंगावर टेकली आणि म्हणाली, "यापुढे त्या खुर्चीत बसून तुमच्याबरोबर उंबऱ्याबाहेर जायची नाही मी. एकदा पडले ती माझी चूक. दुसऱ्यांदा तुमच्या तोंडापायी पडायचं नाहीये मला."

आणि नाहीच गेली! एक आठवडा, दोन, सहा आठवडे! पलंग खिडकीशी ओढून दिला, त्यावरून दिसेल तेवढंच जग. डॉक्टरच घरी बोलवायला लागला.

तुम्ही म्हणाल, नसेल जायचं तर नको, अडलंय कुठे? अडलं होतं हो. हिची एक थोरली बहीण आहे, पलीकडच्या पेठेत राहते, ऐंशी उलटली, गुडघे गेले, ती काही आमच्याकडे येऊ शकत नाही. दर गुरुवारी चार वाजता ही तिच्याकडे जायची, पाऊस असो, ऊन असो. फोन करायची सोय नाही, कारण त्या ठार बहिऱ्या. ही इकडून ओरडते, "कशी आहेस?" त्या तिकडून सांगतात, "पावणेतीनला!" समोरासमोर बसल्या तरच ओठ बघून त्यांना कळतं. तर दर गुरुवारी ही खिडकीशी बसायची, चार वाजले की घड्याळाकडे बघायची आणि परत बाहेर. बोलायची काही नाही. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो! न बोलणाऱ्या बाईशी भांडायचं कसं, सांगा ना!

शेवटी ती पोरगी, म्हणजे हिचा व्यायाम घ्यायला येतात त्या बाई, त्यांच्यापुढे मान खाली घातली. म्हटलं, "बाई, शिकवा मला ही खुर्ची." त्या म्हणाल्या, "सोपं आहे, आजोबा. थांबलात की आधी ब्रेक, मग बाकी सगळं." तर पलंगावरून आवाज, "बाकी सगळं नको बाई, ह्यांना एवढंच शिकवा. आधी ब्रेक, मग तोंड!"

झालं! तेव्हापासून तोच मंत्र. आधी ब्रेक, मग तोंड! उठताबसता, जेवताना, दाढी करताना!

बाईंनी पहिल्याच दिवशी काय केलं माहितीये? मलाच बसवलं खुर्चीत! म्हणे, ढकलणाऱ्यानं एकदा बसावं. बसलो ऐटीत, कोपरं बाहेर काढून. दारातून जाताना चौकटीवर असं कोपर आपटलं की चांदण्या दिसल्या! बाई म्हणतात, "म्हणून हात आत घ्यायला सांगायचं." उंबऱ्यावरून सरळ नेलं, पुढची चाकं अडली आणि मी तोंडावर जाता जाता राहिलो. बाई म्हणतात, "म्हणून मागच्या दांडीवर पाय दाबून पुढची चाकं आधी उचलायची." आणि मग अंगणातला तो उतार. तोंड पुढे करून नेलं मला खाली. अहो, मी धडधाकट माणूस, ट्रकच्या टपावर उभा राहून रस्ते पालथे घातलेला, मी ओरडलो हो! लहान पोरासारखा! बूड सरकतंय, धरायला काही नाही, समोर नुसती जमीन येतेय अंगावर... मग बाईंनी मला वर नेऊन उलटं उतरवलं, म्हणजे त्या उताराच्या खालच्या अंगाला, माझी पाठ उताराकडे, पाऊल पाऊल खाली. कशी शांत उतरली खुर्ची! चाळीस वर्षं माल वाहिला, पण पोत्याच्या पोटात गोळा येत नाही, माणसाच्या येतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी हिला त्या गल्लीत एकटी सोडली होती.

असो. डोळ्यात काही गेलं नाहीये, बसा.

मग सराव कशावर करायचा? ही तर बसेना. म्हटलं, वाळूचं पोतं ठेवतो. बाई म्हणाल्या, आजींच्या वजनाएवढं भरा, आणि हिला विचारलं, किती? ही म्हणाली, "पंचावन्न." आता मी नजरेनं माल तोलणारा माणूस! पटकन म्हणून गेलो, "एकाहत्तर." त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात फक्त घड्याळ बोललं.

पण भरलं मी एकाहत्तरच! वर हिची शाल गुंडाळली, टोकं चाकात जातात की नाही बघायला, आणि रोज सकाळी अंगणात त्या पोत्याला घेऊन उताराची चढ-उतर. शेजारीपाजारी गच्चीवरून बघायचे, म्हातारा गेला कामातून! मला काय त्याचं! थांबलो की उजवा ब्रेक, डावा ब्रेक, हलवून बघायचं, पट्ट्या वर, मग पोतं उतरवायचं. दांड्याला जड पिशवी अडकवून बघितली, पोतं उचललं तशी खुर्ची पिशवीसकट मागे उताणी! म्हटलं, हे कळलं ते बरं झालं. आणि सहाव्या दिवशी खिडकीतून आवाज आला, "अहो, पोत्याचे पाय पट्टीवर कोण ठेवणार?"

म्हटलं, "अगं, पोत्याला पाय नसतात!"

"मला आहेत ना!"

तुम्हाला सांगतो, मी तिथेच अंगणात मटकन बसलो. ब्रेक लावून हो, ब्रेक लावून! आधी ब्रेक, मग बूड!

गुरुवार उजाडला. ही सकाळीच म्हणाली, "माझी शाल काढा त्या पोत्यावरून, झटकून द्या." बस, एवढंच. मी समजलो. मी लगेच म्हटलं, आमच्या जुन्या सोबत्याचा टेम्पो आणतो, तुला खुर्चीसकट वर चढवतो, चारही बाजूंनी दोरीनं आवळतो, केसाएवढी हलायची नाहीस! ही म्हणाली, "मी कपाट आहे का?" आणि बाईंनीही कान उपटले, "आजोबा, गाडीत माणूस गाडीच्या सीटवर, पट्टा लावून. खुर्ची घडी घालून डिकीत. रिकामी खुर्चीच तेवढी बांधा काय बांधायची ती!" बांधली मग तीच. अशी गाठ मारली की बापजन्मात सुटणार नाही.

टॅक्सी आली. हिला सीटवर नीट बसवलं, पट्टा लावला. पोचलो त्या पेठेत. गल्ली टॅक्सीला अरुंद, म्हणून तोंडाशीच उतरायचं, आणि तिथेही उतार! माझी गाठ मलाच सुटेना, तेवढ्यात टॅक्सीवाला मदतीला आला, आणि धरली की त्यानं खुर्ची हाताच्या आधाराला! म्हटलं, "अरे, तिथे नको, सांगाड्याला धर, तो हात निघतो!" निघालाच. हात त्याच्या हातात आणि खुर्ची त्याच्या पायावर. "आई गंऽऽ! मोडकी खुर्ची घेऊन कशाला फिरता!" मी गप्प. जीभ दातांखाली धरून गप्प! हात परत खोचला, बैठकीवर तळवे दाबून खुर्ची उघडली, बोटं आत, नाहीतर चिमटतात, दोन्ही ब्रेक, पट्ट्या वर. हिला धरून उभी केली, वळवली, बसवली, पट्ट्या खाली, पाय वर. मग ब्रेक काढले, दांडा धरला...

आणि मागून भोंगा! पॅंऽऽ! पॅंऽऽ! एक गाडीवाला, काळा चष्मा, खिडकीतून मान काढून, "ए म्हाताऱ्या, रस्ता काय बापाचा आहे? ते गाठोडं बाजूला घे आधी!"

गाठोडं! हिला! अहो, मस्तकात गेलं सगळं! माझे हात दांड्यावरून सुटतच होते, शपथ सांगतो. आणि ही... हिनं मागे वळून बघितलं नाही. नुसती मान आत ओढून घेतली आणि शाल मुठीत धरली.

ती मूठ दिसली मला.

वाकलो. उजवा ब्रेक. पलीकडे गेलो, डावा ब्रेक. माझी कंबर ती, पटकन होत नाही. हलवून बघितलं, हलत नाही. शालीची टोकं आत आहेत ना, आहेत. मग कंबरेवर हात ठेवून सरळ झालो, त्या काळ्या चष्म्याकडे वळलो, तोंड उघडलं... आणि शिवी आठवेना! चाळीस वर्षं पाठ असलेली, हमालांच्या तीन पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेली शिवी, गेली! दोन ब्रेक लावेपर्यंत राग थांबतच नाही हो!

हिनं मान वर काढली. चाकाकडे बघितलं, एका बाजूला, मग दुसऱ्या. आणि म्हणते, "जा आता, भांडून या. मी आहे इथे."

आता कसलं भांडू? तो गाडीवाला तर केव्हाच मागे घेऊन निघून गेला होता!

पुढे गल्लीत शिरलो, तर पुन्हा गर्दी, आणि सवय ती सवय, तोंडातून निघालंच, "बाजू! बाजू! मा..." आणि अडकलो. खुर्चीतली मान हळूच वळली. अर्धा शब्द तोंडात, गिळता येत नाही, टाकता येत नाही... म्हणालो, "मा... मालकीण आली, मालकीण!" आणि काय सांगू, लोक माल म्हटल्यावर सरकले नसते इतके सरकले! ही ताठ बसली, शाल सारखी केली. मला वाटतं, हसली असावी. मागून दिसत नाही हो, हाच एक दोष आहे या खुर्चीचा.

थोरल्या बहिणीनं दार उघडलं. दोघी आधी एकमेकींचे हात धरून नुसत्या बघत बसल्या, मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. मग एकदम सुरू! सहा आठवड्यांचं साठलेलं! दोन तास! निघताना त्या मला ओरडून म्हणाल्या, "हिला कुणी आणलं?" ही समोर ओठ मोठे करून सांगते, "ह्यां-नी!" त्या म्हणाल्या, "सहाला? हो, वाजले ना!"

वाटलं, चला, सुटलो. कसलं सुटतोय! येताना म्हणाली, इतक्यात घरी नको, बागेकडून घ्या. दुसऱ्या दिवशी, जरा नदीकाठी जाऊ. काल कापडाच्या दुकानात तास, परवा मैत्रिणीकडे, आज सकाळी मी अजून चूळ भरतोय, तर ही पलंगावरूनच हाक मारते, "अहो, खुर्ची लावा, उशीर होतोय!" कशाला उशीर, कुठे जायचंय, तेही सांगत नाही! म्हणे, निघाल्यावर ठरवू!

सहा आठवडे हिला त्या खुर्चीत बसवायला मी जिवाचं रान केलं, त्या बाईंची शिकवणी लावली, सगळं शिकलो. आता तुम्हीच सांगा... उतरवायचं कसं, ते शिकायला कुणाकडे जाऊ?